तन्मणी मोडत का नाही, तर...

सोन्याचा भाव चढला की मला हमखास विचारणा होते, "तुमचा तो जुना तन्मणी लॉकरमध्येच ना? मोडून रोज वापरायला काही का करत नाही?" (तन्मणी म्हणजे मोत्यांच्या सरांना जडावाचं पदक लावलेला जुन्या धाटणीचा हार.) लग्नात विचारतात, भिशीत विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हॉलमार्क नाही, मान्य. पण 2021 मध्ये सक्ती झाली तेव्हाही कुंदन, पोलकी, जडाऊ असे खडे जडवलेले दागिने त्यातून वगळले होते. ते कारण नको. भाचा म्हणतो, परदेशात विक. शंभरी उलटलेली वस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्याने देशाबाहेर विकायला नेता येत नाही, हे त्याला सांगून थकले.

खरं कारण जाऊबाईंचं पदक. सासूबाईंच्या वाटणीत तन्मणी मला आला, त्याच घडणीचं कुंदनाचं पदक त्यांना. त्यांनी ते मोडीत काढलं तेव्हा सोबत मी होते. काट्यावर वजन झालं, मग पदक आत नेलं. आम्हीही हट्टाने आत गेलो. कारागिराने मागून ज्योत धरली. खड्यांमागे भरलेली लाख फुगली, धुरकटली, आणि त्याने चिमट्याने एकेक माणिक उचकटलं. घरात ज्यांना सगळे लालभडक म्हणायचे ते माणिक त्याच्या तळहातावर फिकट गुलाबी! लाली होती ती मागे घातलेल्या वर्खासारख्या पातळ पत्र्याची. मग लाख वजा, खडे वजा, सोनं गाळताना येणारी घट वजा. आधी भरलेल्या वजनाच्या निम्मंही सोनं उरलं नाही. काउंटरवरच्या मुलाने खडे पुडीत बांधून दिले, "ह्याचं आम्ही काही धरत नाही, काकू." जाऊबाई गप्प होत्या. तावातावाने बोलत होते ती मीच.

कुंदनात खड्याला धरायला नखं नसतात. शुद्ध सोन्याची पट्टी खडा आणि लाखेच्या फटीत दाबत जायची, ती थंडच एकजीव होते. ते काम कुठला काटा दाखवणार?

पूर्वी मी ऐटीत सांगायचे, हा वारसा आहे, पैशात मोजू नका. बोलायला छान आहे. पण घालते कुठे मी हा वारसा? पाणी आत शिरलं की खडा काळवंडतो, म्हणून पावसाळ्यात नको. घामाने मोती बिघडतात, म्हणून मे महिन्यातल्या लग्नांना नको. मोती अस्सल बसऱ्याचे, असं सासूबाई म्हणायच्या. तपासून घ्यायचं मी आजवर टाळलंय. का, ते विचारू नका.

आणि जाऊबाई? त्यांनी थोडी भर घालून बांगड्या केल्या. रोज हातात असतात, खूश आहेत. त्यांचं चुकलं असं मला अजून म्हणता येत नाही, आणि पटतही नाही.

लेकीने तन्मणी नको म्हणून सांगितलंय. माझ्यामागे तिने मोडला तर मोडू दे. तोवर लॉकरचं भाडं मी भरते आहे, तेव्हा पुढच्या लग्नात कृपा करून दुसरं काहीतरी विचारा.