कंपनीच्या बंदुकीची ओळख पटवण्यासाठी लीड्सची फेरी

आमच्या साताऱ्याकडील घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ठासणीची बंदूक पेशवाईतील आहे, असे घरातील वडीलधारे सांगत आले आहेत. नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहत असल्याने चुलतभावाकडून तिची मापे व छायाचित्रे मागवून मी लीड्सचे रॉयल आर्मरीज संग्रहालय गाठले. रेल्वे स्थानकापासून लीड्स डॉकपर्यंत सहज चालत जाता येते, स्थानकाच्या दक्षिण दरवाजाजवळून नदीतील छोटी नावही मिळते आणि संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. हजारो शस्त्रे मांडलेला तेथील ‘हॉल ऑफ स्टील’ नेत्रदीपक असला तरी ओळख पटवण्यास निरुपयोगी आहे. वेळ द्यावा तो युद्धविषयक दालनातील चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकांना.

तेथे ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीशी आमची मापे ताडून पाहिली. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या पलटणींसाठी बनवून घेतलेला, ३९ इंच नळीचा हा स्वस्त व सुटसुटीत नमुना फ्रान्सशी चाललेल्या युद्धात बंदुकांचा तुटवडा पडल्यावर १७९७ मध्ये ब्रिटिश सरकारनेही स्वीकारला. त्याआधीच्या सरकारी बंदुकीची नळी ४२ इंचांची होती, त्यामुळे पहिले माप नळीचेच घ्यावे. आमची ३९ इंच भरली आणि नळीच्या तोंडाचा व्यास पाऊण इंच निघाला. त्याहून बोलका पुरावा चापाजवळच्या लोखंडी पट्टीवर असतो. कंपनीची जुनी खूण हृदयाच्या आकाराची होती, तर १८०८ च्या सुमारास तिच्या जागी पुढचे पाय उचललेला सिंह आला. आमच्या पट्टीवर सिंह आहे. म्हणजे बंदूक पेशवाईच्या अखेरच्या दशकातील असू शकते, पण ती पेशव्यांच्या नव्हे, कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर असण्याचा संभव अधिक. (काकांना हे अद्याप कळवलेले नाही.)

छायाचित्रे पट्टी, नळीचा मागील भाग, दस्ता व पितळी भाग यांची तिरप्या उजेडात, मोजपट्टी ठेवून घ्यावीत. खुणा उजळण्यासाठी घासू नये, कारण झिजलेली खूण परत येत नाही आणि किंमतही उतरते. त्याआधी लाकडी काठी नळीत हलकेच सोडावी. ती कान्यापर्यंत, म्हणजे नळीच्या मागील टोकाजवळच्या दारू पेटवण्याच्या छिद्रापर्यंत पोहोचली नाही, तर आत जुना बार असू शकतो, तेव्हा बंदूक तशीच ठेवून पोलिसांना कळवावे.

किमतीची अपेक्षा संग्रहालयाकडून ठेवू नये. विदेशी लिलावांचे आकडेही आपल्या कामाचे नाहीत, कारण शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवाय नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातील बंदुका या शतकाच्या आरंभी मोठ्या संख्येने अमेरिकी बाजारात गेल्याने हा नमुना तेथे दुर्मीळ राहिलेला नाही. भारतात विक्रीचा विचार करण्याआधी परवान्याचा प्रश्न सोडवावा. दुरुस्तीनंतरही उडू न शकणाऱ्या जुन्या शस्त्रालाच १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सूट आहे, आणि ते निकामी असल्याची लेखी खात्री जिल्हा प्रशासनाकडून करून घेतलेली बरी.