दोन ४०३ आणि एक पासवर्ड

मार्चअखेर. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा जुना सर्व्हर शुक्रवारी बंद पडला, तो उठलाच नाही. इंटरनेटशी त्याचा काही संबंध नव्हता. काउंटरवरचे चार संगणक ब्राउझरमधून त्याच्यावर जायचे आणि सभासदांना व्याजाचे दाखले छापून द्यायचे, एवढंच. दाखला तयार करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, पर्ल भाषेतली, माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेली. ती सीजीआयवर चालायची, म्हणजे पान मागितलं की सर्व्हर ती चालवून निकाल दाखवायचा. जुन्या मशिनवर उबंटू १२.०४ ही लिनक्स प्रणाली आणि ब्राउझरला पानं पुरवणारं अपाची २.२ होतं. मी नव्यावर उबंटू २२.०४ टाकलं, बॅकअपमधून सगळं जसंच्या तसं उतरवलं आणि आता तासाभरात सुटलो म्हणून चहा मागवला.

पान उघडलं तर ४०३. फॉरबिडन. म्हणजे आत यायला मज्जाव.

अपाचीच्या सेटिंगमध्ये कुणाला आत सोडायचं हे सांगणाऱ्या 'ऑर्डर', 'अलाऊ फ्रॉम' अशा जुन्या ओळी होत्या. २०१२ साली आलेल्या अपाची २.४मध्ये ही पद्धत बदलली, पण उबंटूवर जुन्या ओळी समजून घेणारं मॉड्यूल, म्हणजे अपाचीचा जोडभाग, चालू असतं. त्यामुळे तपासणीत 'सिंटॅक्स ओके' येतं आणि आपण गाफील राहतो. मुख्य फाइलमध्ये मात्र मूळ फोल्डरवरच 'रिक्वायर ऑल डिनाइड', म्हणजे सगळ्यांना मज्जाव, असतं आणि ते जुन्या ओळींना जुमानत नाही. एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, 'क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन' (सेटिंगनं अडवलं) असं स्वच्छ लिहिलेलं होतं. अशा वेळी नेटवर बहुतेक जण 'रिक्वायर ऑल ग्रँटेड', म्हणजे सगळ्यांना मोकळीक, सुचवतात. मी 'रिक्वायर आयपी' लिहून फक्त ऑफिसच्या नेटवर्कला वाट दिली.

रीलोड. पुन्हा ४०३.

व्यवस्थापक भाऊ मागे उभे. "अरे, सोमवारी रांग लागेल रे."

घाईत मी स्क्रिप्टच्या फोल्डरला सीएचमॉड ७७७ मारलं, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या. हे करू नये हे मला माहीत आहे, तरी केलं. काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. लॉग पुन्हा उघडला तर या वेळचं वाक्य वेगळं होतं: वाटेतल्या एका फोल्डरवर सर्च परमिशन नाही. स्क्रिप्ट होम फोल्डरच्या आत ठेवलेली होती. उबंटूमध्ये २१.०४पासून नवं होम फोल्डर ७५० परवानगीनं तयार होतं, म्हणजे परक्याला आत पाऊल टाकता येत नाही. अपाची तिथं परकाच. दिंडीदरवाजा बंद, आणि मी माजघराची कुलपं काढत बसलो होतो. ७७७ मागे घेतलं आणि होम फोल्डरवर इतरांना फक्त आरपार जाण्यापुरता एक्स दिला. त्यानं आतली यादी दिसत नाही.

"आलं की!" काउंटरवरून मॅडम ओरडल्या. "पण हे इंग्रजीत काय आलंय?"

जाऊन पाहिलं आणि घाम फुटला. स्क्रिप्ट चालली नव्हती, नुसती दिसत होती. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, डेटाबेसच्या पासवर्डसकट. नव्या अपाचीत सीजीआयचं मॉड्यूल मी चालूच केलं नव्हतं, म्हणून साध्या मजकुरासारखी फाइल त्यानं पुढे केली. एवढा वेळ शिव्या दिल्या त्या ४०३नंच हे झाकून ठेवलं होतं.

मॉड्यूल चालू करून रीस्टार्ट केलं, पण आता पासवर्डही बदलणं भाग होतं. नवा पासवर्ड मी जवळच्या विंडोज संगणकावर फाइल उघडून टाकला, परत सर्व्हरवर चढवली, आणि या वेळी आलं ५००, म्हणजे सर्व्हरच्या आतच काहीतरी चुकलं. लॉग म्हणाला, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी, अशी फाइलच नाही. फाइल तर डोळ्यांसमोर! तिथल्या एडिटरनं प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजची जास्तीची खूण लावून ठेवली होती. पहिल्या ओळीत पर्लचा पत्ता असतो. त्याला ते न दिसणारं अक्षर चिकटलं आणि लिनक्स त्या नावाचं पर्ल शोधत बसलं. ती खूण काढून टाकणारं डॉस-टू-युनिक्स चालवलं, काम झालं.

साडेआठला पहिला दाखला बाहेर आला. तो घ्यायला प्रिंटरपाशी गेलो, तर त्याच्याखाली आणखी चार पानं होती, सगळी इंग्रजी.

"मघाशी आलं होतं ना, ते," मॅडम म्हणाल्या. "उपयोगी पडेल म्हणून छापून ठेवलं."

जुना पासवर्ड दुसऱ्या पानावर, मधोमध.