हात तयार होता

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पक्षाघातानंतर रुग्णाचा हात पुन्हा रोजच्या कामाला लागावा, यासाठी माझा बहुतेक दिवस जातो. त्या दिवशी आलेल्या काकूंना झटका येऊन सात महिने झाले होते. पाय बराच सुधारला होता, बोलणं पहिल्यापासून शाबूत होतं. उजवा हात मात्र मांडीवर नुसता ठेवलेला. खुर्ची बदलताना त्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला, सोबत आणलेली पिशवी ठेवावी तसा.

“पाणी हवं का?” मी काकूंना विचारलं. उत्तर मुलीने दिलं. रात्री झोप लागते का, खांदा दुखतो का, तेही मुलीनेच सांगितलं. काकू प्रत्येक प्रश्नाला आधी तिच्याकडे बघायच्या. मुलगी मनापासून करणारी होती. आईचे केस विंचरणं, बटणं लावणं, फोन कानाला धरणं, सगळं तिच्याकडे. आईला उरलं होतं ते नुसतं बसणं.

मग मी हात तपासला. मनगट वर उचलायला सांगितलं आणि गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, लावला. 20 अंशांच्या वर. बोटं 10 अंशांहून जास्त उघडत होती. मला मनातून फार आनंद झाला, कारण एवढी हालचाल म्हणजे एका विशिष्ट उपचाराचं दार उघडं असतं. त्यानंतर रोजच्या कामांची प्रश्नावली घेतली: दिव्याचं बटण दाबणं, खण उघडणं, फोन उचलणं, तोंड पुसणं. प्रत्येक कामाला 0 ते 5 गुण. काकूंनी सगळीकडे शून्य सांगितलं.

“कधी करून पाहिलंत?”

“सुरुवातीला पाहिलं. नाही जमलं.”

“आणि नंतर?”

त्यांनी मुलीकडे पाहिलं. “हा हात गेलेलाच आहे ताई. उगीच कशाला?”

हे त्या आळसाने बोलत नव्हत्या. एडवर्ड टाउब या संशोधकाने माकडांवर प्रयोग केले होते. एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कण्यापाशी कापल्या की माकड तो हात वापरणं सोडून देई. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मात्र शाबूत असत. चांगला हात बांधून ठेवला की तेच माकड ‘गेलेला’ हात पुढे करू लागे. वाचताना त्रास होतो असे ते प्रयोग आहेत, पण त्यातून कळलं ते मोलाचं आहे. दुखापतीनंतर सुरुवातीच्या काळात प्रत्येक प्रयत्न फसतो, मेंदू प्रयत्न करणंच सोडतो, आणि पुढे हालचाल परत आली तरी ते सोडलेलं तसंच राहतं. आधी खरोखर येत नव्हतं. आता येतं, पण कुणी बघायलाच गेलेलं नाही.

यावरून माणसांसाठी उपचार बेतले गेले: चांगल्या हाताला जाड हातमोजा, जागेपणीचा बहुतेक वेळ, दोन आठवडे, आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन्‌तास सराव. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 222 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले लोक होते. त्यांची सुधारणा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. हे सगळ्यांना लागू नाही. ज्या हातात हालचालच नाही, त्याच्यासाठी हा मार्ग नाही. ‘मनात आणलं की सगळं होतं’ हे वाक्य म्हणूनच मला क्रूर वाटतं. ज्याचा हात खरंच हलत नाही, त्याच्या माथी ते दोष मारतं.

काकूंना मी हे थोडक्यात सांगितलं. त्यांनी मान डोलावली. विश्वास मात्र बसला नव्हता. तो बसण्याची मी वाटही पाहिली नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंदुरा यांनी 1977 मध्ये मांडलं होतं, की ‘मला जमेल’ या भावनेला सगळ्यात भक्कम आधार स्वतः करून पाहिलेल्या कामाचा असतो; दुसऱ्याच्या समजावण्याचं बळ त्यामानाने थोडं. माझा अनुभवही तोच आहे. डाव्या हातात मोजा चढवला आणि टेबलावर लाकडी ठोकळे ठेवले.

पहिला ठोकळा निसटला. दुसराही. काकूंना घाम फुटला, डोळे भरून आले. मुलगी उठून ठोकळा त्यांच्या बोटांत द्यायला गेली. मी तिला थांबवलं आणि ठोकळा टेबलाच्या कडेला आणला, अंगठ्याला कमी उघडावं लागेल असा. या उपचारात कसब असतं ते इथे: काम इतकं बारीक करायचं की प्रयत्न वाया जाणार नाही, आणि इतकंही सोपं नाही की केल्याचं समाधान मिळणार नाही. तो ठोकळा उचलला गेला. पुढचाही. काकू गप्प झाल्या आणि स्वतःच्या बोटांकडे बघू लागल्या.

शेवटी कराराचा कागद काढला. घरी कोणती कामं मोजा घालून करायची, कधी काढायचा, हे त्यात लिहितात. पाणी, आग आणि तोल जाण्याचा धोका असेल तिथे मोजा काढायचाच. मदतनीसही सही करतो की मागितल्याशिवाय मदत करणार नाही. मुलगी यादी सांगू लागली, “आई खण उघडेल, आई टॉवेल…”

“थांब गं,” काकू म्हणाल्या. “मी सांगते.”

त्यांनी सांगितलेलं पहिलं काम माझ्या प्रश्नावलीत नव्हतंच. कॅल्क्युलेटर. काकू एका कार्यालयात हिशेब बघायच्या आणि राजीनाम्याचं पत्र घरी लिहून तयार होतं, हे मला तेव्हा कळलं. सही त्यांनी उजव्या हाताने केली. वाकडी आली. मुलीने सही केली तेव्हा तिचा हात थरथरत होता. आईसाठी काही न करता नुसतं बसून राहणं किती कठीण, हे मी अनेक नातेवाइकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. तिने ते निभावलं.

पुढचे दोन आठवडे सरळ गेले नाहीत. एकदा काकूंनी मोजा काढून फेकला. वहीत रोज गुण लिहायचे होते. फोन उचलण्याला मी 2 दिले, तर त्या माझ्याशी वाद घालू लागल्या की 3 हवेत, आणि बॅगेतून फोन काढून, उचलून दाखवला. मी आकडा बदलला.

उपचार संपताना बारीक बटणं लागत नव्हती, लिहिणं संथ होतं. काकूंनी कार्यालयात स्वतः फोन करून भेटीची वेळ घेतली होती आणि माझ्याकडून अहवाल हवा होता. मी लिहायला बसले, ‘रुग्णाला पुढील मर्यादा आहेत…’

“ते खाली लिहा,” काकू म्हणाल्या. “वर काय येतं ते लिहा. आकडे टाकता येतात, फाईल उघडता येते, अर्धा दिवस बसता येतं. एवढं आधी.”