निर्लेखित

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

घागर पुजली, वर डांगर ठेवलं, आगारी टाकली. आमरस-सांजोऱ्यांचं जेवण झाल्यावर घर आडवं झालं. बाहेर त्रेचाळीस अंश. गल्लीतले पुरुष पारावर पत्ते कुटत होते; आखाजीला त्यांना कोणी काही बोलत नाही. लेक पुण्याहून कालच आलीय. मागच्या अंगणात निंबाला झोका बांधलाय, पण तो आता नातवंडांपुरताच. माहेरवाशिणी एसी लावून झोपतात.

लेक झोपली नव्हती. तिच्या नाटकवेड्या मित्रमैत्रिणींनी जुनी मराठी नाटकं वाचायला घेतलीत. खाडिलकरांचं १९०७चं ‘बायकांचे बंड’ वाचून झालं. प्रमिलेचं स्त्रीराज्य, अर्जुन वगैरे. मग कळलं की त्याला एका बाईने नाटकातूनच उत्तर दिलं होतं, ‘पुरुषांचे बंड’. बाई म्हणजे गिरिजाबाई केळकर.

"आई, त्या जळगावच्या ना गं? इथे भगिनी मंडळ त्यांनीच काढलं होतं. तुझ्या लायब्ररीत त्यांचं काय काय होतं?"

मी एकतीस वर्षं कॉलेजची ग्रंथपाल होते. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आजही कोणी ‘श्यामची आई’ म्हटलं की मला आधी कपाट दिसतं, मग पुस्तक. गिरिजाबाई म्हटल्यावर काहीच दिसलं नाही. "होतं एखादं," म्हटलं आणि आंब्याची सालं उचलायला उठले.

लेकीला कळलंच. ती काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

२ मे, शुक्रवार

कॉलेजात जाऊन आले. परीक्षा संपल्यामुळे शुकशुकाट. माझ्या जागी आलेला मुलगा भला आहे. पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि संगणकात ‘केळकर’ टाकलं. नरसिंह चिंतामण आले, रांगेने आले. गिरिजाबाई शून्य.

"मॅडम, नसेलच मग."

पण संगणकात भरायची वेळ आली तेव्हा कपाटात जे उभं होतं तेवढंच भरलं गेलं. हे मला माहीत, कारण भरणाऱ्या पोरांवर मीच बसून होते. त्याआधी जे गेलं, त्याचा माग फक्त दाखल रजिस्टरात. जुनी रजिस्टरं जिन्याखालच्या खोलीत आहेत. लाल कापडी पाठीची, एकेक दोन-दोन शेर वजनाची. पदर खोचून बसले. दीड तास धूळ खाल्ली.

चौथ्या रजिस्टरात सापडलं. ‘केळकर, सौ. गिरिजाबाई. द्रौपदीची थाळी. १९५९.’ देणगी म्हणून आलेलं. त्यापुढे वर्गांक ६४१.५.

जे या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी: ड्यूईच्या पद्धतीत ६४१.५ म्हणजे पाककृती. लाडू, लोणची, थालीपीठ.

‘द्रौपदीची थाळी’ हे गिरिजाबाईंचं आत्मचरित्र आहे. त्यांचं माहेरचं नाव द्रौपदी बर्वे. वनवासात सूर्याने दिलेली ती थाळी, द्रौपदी जेवेपर्यंत रिकामी न होणारी. आपल्या जन्मनावावर आणि संसारावर एका फटक्यात कोटी करणारं असं आत्मचरित्राचं नाव मराठीत क्वचितच सापडेल. आणि कोणा शहाण्याने थाळी हा शब्द वाचला, पुस्तक न उघडता स्वयंपाकाच्या कपाटात ढकलून दिलं.

शहाण्याचं अक्षर ओळखीचं होतं. ६चा पोटाचा गोल मी असाच मोठा काढते.

नोकरीचं पहिलं वर्ष असणार ते. देणगीतल्या पुस्तकांचे ढीग पडलेले, दिवसाला पन्नास-पन्नास पुस्तकांना आकडे द्यायचे. नावावरून अंदाज, फार तर अनुक्रमणिका. सबब म्हणून ठीक आहे. पण त्याच पानावर, त्याच दिवशी, एका निवृत्त मामलेदाराच्या आठवणींना मी बिनचूक ९२०, म्हणजे चरित्राचा आकडा, दिलाय. तिथे नाव वाचून थांबले नव्हते. आत डोकावले होते.

ओळीच्या शेवटी शेऱ्याच्या रकान्यात लाल शाई: ‘निर्लेखित’. खाली माझी सही.

हेही आठवतं. तपासणी समिती येणार होती. मोडकी, वाळवी लागलेली, दहा वर्षांत कोणी न नेलेली पुस्तकं काढा, कपाटं मोकळी दिसली पाहिजेत, असं वरून सांगणं आलं. पाककृतीचं कपाट सगळ्यात आधी झालं. मुलांच्या कॉलेजात पाककृती कोण नेतं? ठराव झाला, यादीवर सह्या झाल्या, हातगाडीवाला आला. नोंद पुसायला सरकारी मराठीने हा शब्द निवडलाय, निर्लेखन. तेव्हा तो रोज लिहायचे. कधी ऐकूच आला नव्हता.

म्हणजे पुस्तक दहा वर्षं कोणी नेलं नाही म्हणून गेलं, आणि कोणी नेलं नाही कारण ते मी लोणच्यांत ठेवलं होतं.

५ मे, सोमवार

तीन दिवस डोक्यात तेच. काल भरीत करताना वांगी भाजत राहिली, साल काळं ठिक्कर पडलं तरी लक्ष नाही. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या तेव्हा भानावर आले.

एक गोष्ट मला नीट लावता येत नाहीये. याच जळगावात बहिणाबाई होत्या. असोद्याची लेक, जळगावच्या चौधऱ्यांची सून. १८८० ते १९५१. अक्षरओळख नाही, आयुष्यात हातात पेन धरलं नाही. गिरिजाबाई त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. शिकलेल्या, लेख, कथा, नाटकं लिहिणाऱ्या, छापून येणाऱ्या. १९२८ला मुंबईच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, बाईला ते पहिल्यांदाच. साहित्य संमेलनाला पहिली बाई अध्यक्ष मिळायला १९६१ उजाडलं, ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. मध्ये तेहतीस वर्षं गेली. एक बाई जात्यावर ओव्या रचते आहे, दुसरी भगिनी मंडळाच्या सभेत बोलते आहे, आणि गाव एकच.

आज विद्यापीठाला नाव कोणाचं? बहिणाबाईंचं. आणि ते रास्तच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. कोणी शंका काढली तर मी भांडेन. पण सगळं लिहून, छापून, अध्यक्षपद भूषवून दुसरी विसरली गेली आणि अक्षर न जाणणारी राहिली, हे कसं? आपण सारखं सांगतो, लिहून ठेवा, लिहिलेलं राहतं. इथे उलटंच झालं.

माझं मला सुचलेलं असं. बहिणाबाईंच्या ओळी सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतल्या. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ला पुस्तक आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे त्या गाण्यांपाठी एक कवी लेक आणि एक अत्रे उभे होते. गिरिजाबाईंचं सगळं त्यांनी स्वतःच केलेलं. पुस्तक सोडून त्यांच्यासाठी बोलायला मागे कोण होतं? पुस्तक होतं, तर ते आमच्यासारख्यांच्या हवाली.

शेजारच्या बुलढाण्याचंही असंच. मलकापूर ओलांडलं की बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ला ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली, त्यावरून छापणारे बायकांच्या जातीवर तुटून पडले, आणि ही बुलढाण्यातली बाई उठली. पुण्यात पाचशे प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. जोतीरावांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात तिची बाजू घेतली, बाकी शिव्याच. पुन्हा त्यांनी पुस्तक लिहिलं नाही. ते पुस्तक परत लोकांसमोर आलं १९७५ला, स. गं. मालशे यांनी संपादन करून छापलं म्हणून. त्र्याण्णव वर्षं. मालशे यांच्या हाती ती प्रत लागेपर्यंत ती कुठल्यातरी कपाटात टिकली होती, कोणीतरी तिला लाल शाई लावली नव्हती. त्या अनाम ग्रंथपालाचा आज मला हेवा वाटतो.

संध्याकाळी सासूबाईंच्या पायाला तेल चोळत होते. त्या शहाऐंशीच्या, माहेर अमळनेरकडचं. आखाजीची गाणी त्यांना किती पाठ असतील याचा हिशेब नाही. गौराईची, झोक्याची, सासर-माहेरची. विचारलं, ही गाणी केली कोणी?

"बायास्नीच. दुसरं कोन?"

नाव विचारलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी विचारलं, पाऊस कोणी केला.

तेव्हा मला बरं वाटलं की वाईट, हे अजून ठरत नाही. त्या गाण्यांना नाव नाही म्हणून ती कोणाला निर्लेखित करता येत नाहीत, एवढं मात्र खरं. पण पुढच्या आखाजीला ती कोण म्हणणार? सून म्हणून मला चार येतात. लेकीला एकही नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचं पाच वर्षं ठरतंय.

१४ मे, बुधवार

लेक परत गेली. जाताना म्हणाली, आई, इतकं काय मनाला लावून घेतेस, तू एकटीने थोडंच केलंस. तिचं बरोबर आहे. पण सहीच्या जागी मी एकटीच आहे.

आज पुन्हा कॉलेजात. या वेळी कार्डांसाठी. तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या कार्डांची, जुनी लाकडी कपाटं, छोट्या खणांची, प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीत टाकलीत. एका खणात कोणीतरी खडू भरले होते. ‘के’चा खण जाम झालेला, मुलाने स्क्रू-ड्रायव्हर आणला.

कार्डं चाळणं हा माझा जुना छंद. हाताला सवय असते, बोटं आपोआप पुढे सरकतात. कानिटकर, काशीबाई: आनंदीबाई जोशींचं त्यांनी लिहिलेलं चरित्र. हे कायम ‘जोशी’ म्हणून मागितलं जायचं, लिहिणारीचं नाव कोणी घेत नसे. पुढे दुसऱ्या खणात, शिरूरकर, विभावरी: ‘पहा, बेडेकर, मालती’. १९३३ला ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा ही बाई कोण म्हणून गदारोळ झाला, टोपणनावाआड राहणं भाग होतं. आणि आमच्या तालिकेत ते सगळं एका कार्डावर, एका ‘पहा’त बसलेलं. त्या वेळी हे कार्ड करताना मला काहीच वाटलं नव्हतं, टंकलेखन चुकू नये एवढीच काळजी.

केळकरांचा गठ्ठा चार बोटं जाड, बहुतेक न. चिं. त्यांच्यापुढे, ‘गि’ असल्यामुळे, एकच कार्ड. पुस्तक काढलं की कार्डही काढायचं असतं, मी विसरले होते. आयुष्यात एकदा कामात हलगर्जी केली ती अशी कामी आली.

पिवळं पडलेलं, खाली सळईसाठी भोक. वर डाव्या कोपऱ्यात ६४१.५.

"हे घेऊन जाऊ का?"

"न्या ना मॅडम, हे तर रद्दीतच जाणार आहे."

दाखल रजिस्टरातला आकडा सुधारावा असं मनात होतं. तसं म्हणाले. मुलगा हसला, पण अदबीने. निर्लेखित पुस्तकाचा वर्ग बदलून काय करायचं, आणि उद्या ऑडिटवाल्याने विचारलं तर? त्याचं खरं आहे. रजिस्टरात खाडाखोड करू नये, हे मीच त्याला शिकवलंय.

येताना रिक्षात भाजीबाजार, मग स्टेशन रोड. याच रस्त्यांवरून त्या गेल्या असणार. आता पुस्तक शोधायचंय. व. वा. वाचनालयात विचारणार, धुळ्याच्या गरुड वाचनालयात एक ओळखीचे आहेत त्यांना फोन केलाय, लेक पुण्यात बघते म्हणाली. कुठेतरी एक प्रत असेल. बहुतेक चुकीच्या कपाटात असेल, म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आधी पाककृतीत बघा.

घरी आल्यावर चश्मा लावून बसले. कार्डावरचा ६४१.५ रेघ मारून काढला आणि वर काळ्या शाईने ९२० लिहिलं. ‘सौ.’वरही रेघ मारली. नऊचा आकडा थोडा थरथरला.

सासूबाई टीव्ही सोडून बघत होत्या. "काय लिखी ऱ्हायनी वं?"

सांगितलं, एका बाईचं नाव. ऐकून त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि परत दिलं.

आता हे कार्ड ठेवायचं कुठे? खण नाही, सळई नाही. पुस्तकात ठेवलं तर हरवेल. शेवटी फ्रीजवर लावलं, चुंबकाखाली, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

म्हणजे पुन्हा स्वयंपाकघरातच.