पुरंदरचं अंजीर, थेट झाडावरून

"नऊनंतर आलात तर बाग दिसेल ताई, पण अंजीर नाही दिसायचं, पाट्या गेलेल्या असतात मार्केट यार्डला." अंजिराच्या बागवाल्या दादांनी फोनवर हे दोनदा बजावलं होतं, त्यामुळे मार्चमधल्या त्या रविवारी मी, आई आणि माझी नऊ वर्षांची लेक पहाटे पाचलाच कोथरूडहून निघालो. कोंढव्यातून बोपदेव घाट चढलो तेव्हा मागे पुण्याचे दिवे अजून चालू होते आणि घाटमाथ्यावर चक्क स्वेटर शोधावा लागला. मग भिवरी, चांबळी, सासवड, आणि तिथून पुढे थोडं आत. उजाडता उजाडता समोर पुरंदर आणि वज्रगड दिसायला लागले आणि आई म्हणाली, हे बघायलाच आले असते मी, अंजिराचं नंतर बघू.

बाग एका शेतकरी कुटुंबाची आहे, दादा, वहिनी आणि दादांचे वडील. गेली काही वर्षं ते रासायनिक खत न घालता अंजीर, सीताफळ, पेरू, चिकू करतात आणि बहाराच्या दिवसांत रविवारी आठ-दहा माणसांना बोलावून बाग दाखवतात, फळं चाखायला देतात. चाखायला म्हणजे नुसतं एक एक हातावर ठेवायचं असं नाही हं, त्यात खरंच शिकवणं आहे, ते पुढे सांगते.

आधी तोडणी. दोन मावश्या आणि वहिनी तोडत होत्या, तिघींच्याही अंगात पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि हातात मोजे, कारण अंजिराचं पान खरखरीत, अगदी पॉलिश पेपरसारखं, आणि देठ तुटला की पांढरा चीक येतो तो कातडीला खाजतो. लेकीने उत्साहाने मोजे न घालताच एक तोडलं आणि पाच मिनिटांत बोटं चोळायला लागली, वहिनींनी लगेच खोबरेल लावून दिलं आणि मग साबणाने हात धुवायला लावले. पाटीत खाली अंजिराचीच पानं, वर फळं एका थरात हलक्या हाताने मांडलेली. आई त्या पाटीकडे बघतच राहिली. तिच्या लहानपणी मंडईत अंजीर असंच पानावर मांडलेलं मिळायचं म्हणे, आणि आजोबा ते पिशवीत टाकू द्यायचे नाहीत, हातात धरून घरी आणायचे.

मग आम्ही शेवग्याच्या झाडाखाली चटईवर बसलो आणि दादांनी तीन ताटल्या ठेवल्या. पहिल्या ताटलीत आदल्या दिवशी तोडलेली, थोडी कडक, लांबच्या बाजारात जातात तशी फळं. दुसरीत आज पहाटे तोडलेली, जांभळट तांबूस, देठापाशी वाकलेली. तिसरीत झाडावर एक दिवस जास्त राहिलेली, सालीला बारीक भेगा आणि खालच्या डोळ्याशी मधासारखा एक थेंब. झाडं एकाच ओळीतली, पाणी तेच, माती तीच. पहिलं खाल्लं तर ते मला नेहमीचं अंजीर वाटलं, म्हणजे गोडसर, पाणीदार, विशेष काही नाही. दुसरं खाल्लं आणि गप्प झाले. साल दाताखाली विरघळते, बिया बारीक कुरकुरतात, आणि गोडीच्या मागे एक हिरवट वास येतो, पान चुरगाळल्यावर येतो तसा. तिसरं तर जॅमच होतं. दादांनी एका छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्राच्या काचेवर तिन्हीचा एक एक थेंब टाकून साखरेचा आकडा दाखवला, लेकीने तो वहीत लिहून घेतला, पहिलं १३, दुसरं १७, तिसरं २०.

यातली मुख्य गोष्ट अशी की आंबा, चिकू, सीताफळ काढून अढीत घातलं की पिकतं, अंजिराचं तसं नाही. ते तोडल्यावर मऊ पडतं पण गोडी तिथेच थांबते. म्हणजे चांगलं हवं तर झाडावरच पिकू द्यायचं, आणि झाडावर पिकलेलं एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाही. आपण शहरात बसून अंजीर पाणचट लागतं म्हणतो (मीही किती वर्षं म्हणत आले) तेव्हा बिचाऱ्या झाडाचा काही दोष नसतो, आपण ते दोन दिवस आधी तोडायला लावलेलं असतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते ज्या चवीसाठी मिळालं ती चव मी पुण्यात राहून त्या दिवशी पहिल्यांदा घेतली, याचं मला खरंच वाईट वाटलं.

एक फळ दादांनी उभं चिरलं आणि विचारलं, यात फूल कुठंय? कुणालाच सांगता येईना. मग म्हणाले, हे सगळं फूलच आहे, आतले हे लाल धागे दिसतात ना ती शेकडो फुलं, फळाने आतल्या आत मिटून घेतलेली. उंबर, वड, पिंपळ ही सगळी याची सख्खी भावंडं. आई एकदम हसली, कारण महिनाभर फोन केला नाही की ती मला "उंबराचं फूल झालीस" म्हणते, आणि ते फूल असं हातात धरून बघायला मिळेल असं तिला सत्तरीत वाटलं नव्हतं.

नंतर बाग फिरलो. हा सगळा पर्जन्यछायेचा भाग, पाण्याचा थेंब थेंब मोजावा लागतो, म्हणून शेततळं, ठिबक आणि झाडांच्या बुंध्याशी उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन. मी पाचट बाजूला करून हात घातला तर वर ऊन चटका देत होतं आणि खाली माती गार, ओलसर, गांडुळांनी भुसभुशीत केलेली. सावलीत जीवामृताचं, म्हणजे झाडांना घालायच्या घरच्या पातळ खताचं, पिंप होतं, २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, दोन दिवस ढवळत ठेवायचं. आंबूस वास येतो पण घाण नाही. तांबेरा रोग मात्र पाठ सोडत नाही म्हणाले, पानांखाली तपकिरी ठिपके पडतात आणि पानगळ होते, त्यावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारावं लागतं. हे त्यांनी लपवलं नाही, मला ते फार आवडलं. रासायनिक खत सोडल्यावर पहिली दोन वर्षं माल निम्म्यावर आला होता, तेव्हा वडील बोलेनासे झाले होते, हेही वहिनींनीच भाकरी थापता थापता सांगितलं.

जेवायला बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि खट्टा बहाराच्या अंजिराचा मुरांबा. खट्टा बहार म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी करून हिवाळ्यात येतो तो, चवीला कमी गोड, पण बाजारात भाव बरा मिळतो. आत्ता आम्ही खाल्ला तो मीठा बहार. दादांच्या वडिलांच्या मते मीठा बहार खाल्ला नाही त्याने अंजीर खाल्लंच नाही, आणि हे सांगताना त्यांनी आईच्या ताटात अजून दोन ठेवली.

येताना दोन किलो घेतलं. दादांनी डिकीत ठेवू दिलं नाही, मांडीवर घ्या म्हणाले. आईने पानं घातलेला खोका घाटभर दोन्ही हातांनी धरून ठेवला. कोंढव्यात सिग्नलला उघडून बघितलं तर तीन फुटली होती, ती आम्ही तिघींनी तिथेच खाल्ली, आणि आईने तिथूनच मावशीला फोन लावला, "संध्याकाळी ये, उद्यापर्यंत नाही राहायची."