सरांची तीन बोटं

शाळेनं मला काय दिलं, याचं उत्तर घरचे अजून दहावीच्या गणिताच्या मार्कांत शोधतात. मला ते संगीताच्या खोलीत मिळालं, सरांच्या पेटीवर.

कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारचे गवई अल्लादियाखाँसाहेब यांचं गाव, देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेचं गाव. इथं कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी दाबलेले तीन-चार सूर, म्हटलं की जाणत्यांच्या कपाळाला आठी ठरलेली. सर स्वतः ख्यालच गायचे. पण समूहगीत बसवताना मात्र त्यांच्या पेटीला वेगळेच पाय फुटायचे.

सगळ्या वर्गानं फक्त सा लावून धरायचा. सर डाव्या हातानं भाता मारत उजव्यानं सा-ग-प धरायचे. एकदम प्रसन्न. मग प वरचं बोट अलगद ध वर सरकायचं, सा आणि ग जागचे हलायचे नाहीत, तरी खोलीत मळभ दाटायचं. आमचा सा तोच! तेवढ्यात ग चा म झाला की पुन्हा उघडीप. मागच्या बाकावरून हमखास आरोळी यायची, "सर, परत!"

ग कोमल केला की गाणं उदास होतं, हे कुणालाही कळतं. सरांचा जीव होता तो ग ठेवायचा कुठं यात. त्यासाठी ते भाता मला मारायला लावायचे आणि दोन्ही हातांनी वाजवून दाखवायचे. खर्जात सा ला चिकटून ग दाबला की नुसती घरघर. तोच ग वरच्या सप्तकात नेला, खाली सा-प मोकळे ठेवले, की तेच तीन सूर ऐसपैस. कारणही आपल्याच घरातलं द्यायचे: जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार, म्हणजे ग, आपसूक ऐकू येतो, तोही खर्जाच्या दोन सप्तकं वर.

आणि ओळीच्या शेवटी प-नि-रे मध्ये म मिसळून ते मुद्दाम थांबायचे. नि ला सा कडे चढायची घाई, म ला ग वर उतरायची. आम्हाला काही दम निघायचा नाही. पुढचा सा आम्हीच लावून टाकायचो.

हल्ली मी गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राला कीबोर्ड वाजवतो. नवी पोरं बोटांनी चलाख आहेत, पण डाव्या हाताला खाली चार-चार सूर कोंबतात आणि गायक बिचारा वर जागा शोधत फिरतो. (आवाज वाढवा म्हणून ओरडतो, तो वेगळाच.) तालमीत मी त्यांना ग वर न्यायला लावतो. रागदारीची चीज निघाली की मात्र कॉर्ड बंद. तिथं तानपुराच, आणि त्या बाबतीत कपाळाला आठी घालणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही.