भरतीचा नकाशा: ब्रॅडेंटनचा काळा डाग अखेर गेला

मॅनाटी काउंटी फिकी पडली! अमेरिकेतले कॉलेज फुटबॉल संघ हायस्कूलची जी पोरं भरती करतात ती कुठल्या काउंटीतून (म्हणजे जिल्ह्यातून) येतात, हे दाखवणारा माझा मागचा नकाशा (जितकी पोरं जास्त तितका रंग गडद) ज्यांनी पाहिलाय त्यांना फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा तो डाग आठवत असेल. टँपाच्या दक्षिणेला जेमतेम चार लाख वस्ती, आणि दरडोई फोर-स्टार, फाइव्ह-स्टार, म्हणजे भरतीच्या मानांकनात वरच्या, पोरांत मोठ्या काउंट्यांमध्ये सगळ्यांच्या पुढे. मायामी मागे, ह्यूस्टन मागे. कारण आपल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं: या काउंटीतल्या ब्रॅडेंटन गावची आयएमजी अकॅडमी. औषध सापडत नव्हतं.

खेळाडूंची माहिती मी ज्या मोफत एपीआयमधून (ऑनलाइन डेटा-सेवेतून) घेतो त्यात ‘होमटाउन’ असा रकाना आहे खरा, पण त्यात येतं शाळेचं शहर. अक्षांश-रेखांशही तिथलेच. आयएमजी पडली निवासी शाळा. तिची टीम २०१३ पासूनची, आणि शेवटचं एखाद-दुसरं वर्ष खेळायला तिथे देशभरातून पोरं येतात. २०१९ च्या बॅचचा नंबर एक नोलन स्मिथ मूळ जॉर्जियातल्या सव्हानाचा. जे. जे. मॅकार्थी शिकागोजवळच्या ला ग्रेंज पार्कचा. २०२० मध्ये कोविडमुळे इलिनॉयने सीझन पुढे ढकलला म्हणून शेवटच्या वर्षापुरता तो आयएमजीत गेला. माझ्या फाइलमध्ये दोघेही ब्रॅडेंटनचे! लातूरला राहून बारावीत चमकलेला परभणीचा पोरगा ‘लातूरची गुणवत्ता’ म्हणून मोजायचा, तसलाच प्रकार.

सोपा मार्ग म्हणजे निवासी शाळांची पोरं सरळ वगळणं. करून पाहिलं, पण मग मॅकार्थी जातो, स्मिथ जातो, ओकीचोबीचा एव्हन नील जातो. सगळ्यात वरचाच थर खरवडून टाकल्यावर नकाशा कशाचा काढायचा?

मग कॉलेजांच्या रोस्टरकडे, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीकडे, वळलो. तिथे गाव आणि हायस्कूल वेगवेगळं लिहिलेलं असतं. ते रिक्रूटच्या, म्हणजे भरती झालेल्या पोरांच्या, यादीला जोडायचं, एवढंच काम. पण या ‘एवढंच’ने माझे सगळे वीकएंड खाल्ले. एकीकडे ‘ज्युनिअर’ असतं, दुसरीकडे नसतं. ‘डी.जे.’मधली टिंबं येतात-जातात. हवाई आणि सामोआच्या नावांतल्या उलट्या स्वल्पविरामाला प्रत्येक साइटवर वेगळं चिन्ह. नावं ढिली जुळवायला घ्यावीत, तर तुआ आणि टाउलिया टॅगोवायलोआ एकच माणूस होतात. दोघे सख्खे भाऊ, दोघे क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे), दोघांनीही आधी अलाबामा विद्यापीठच गाठलेलं. शेवटी नाव, पोझिशन, कॉलेज आणि सही केल्याचं वर्ष अशी चौपदरी किल्ली केली, तेव्हा २०१७ चा तुआ आणि २०१९ चा टाउलिया वेगळे झाले. त्या रात्री मी उठून चहा केला.

पण टाउलियाने नवाच प्रश्न उभा केला. तुआ होनोलुलूच्या सेंट लुईस शाळेचा, म्हणजे निर्विवाद हवाईचा. तुआ अलाबामाला गेल्यावर सगळं कुटुंबच तिकडे हललं आणि टाउलिया अलाबास्टरच्या थॉम्पसन हायस्कूलकडून खेळला. तो कुठे मोजायचा? सध्याचा माझा नियम असा: पोरगा एकटा गेला तर घरचं गाव, कुटुंब गेलं तर शाळेचं गाव. या नियमाने ट्रॅव्हिस हंटर जन्माने फ्लोरिडाचा असला तरी कॉलिन्स हिल हायस्कूलचा, म्हणजे जॉर्जियातल्या आमच्या ग्विनेट काउंटीचा ठरतो. हा पक्षपात वाटत असेल तर वाटो.

नवा नकाशा बघण्यासारखा झालाय. जॉर्जिया आणखी गडद. लुईझियाना, मिसिसिपी, अलाबामा लोकसंख्येच्या मानाने वरच. कॅलिफोर्निया नुसत्या संख्येत भक्कम, पण ३.९५ कोटींनी भागलं की उतरतो. न्यूयॉर्कची वस्ती दोन कोटी, आणि रंग जवळजवळ कोराच. हे सगळं ‘दक्षिणेच्या मातीत’ आहे म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. जॉर्जिया, फ्लोरिडा, टेक्सासमध्ये हायस्कुलांना वसंतातही सराव करता येतो, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी नाही. टेक्सासच्या ॲलन गावाने तर २०१२ मध्ये शाळेसाठी सहा कोटी डॉलरचं, १८ हजार आसनांचं स्टेडियम बांधलं. म्हणून आता भागायला लोकसंख्या न घेता हायस्कूल फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा राज्यवार आकडा घेऊन बघणार आहे. देशभरात अशी साधारण दहा लाख पोरं आहेत. न्यूयॉर्क तेव्हाही असाच कोरा राहतो का, हे मला बघायचंय.

काउंटी हे एकक मात्र आता डोक्यात जायला लागलंय. जॉर्जियातल्या ब्लेकली काउंटीची वस्ती साडेबारा हजार. २०२१ मध्ये तिथून अमेरियस मिम्स हा एकच फाइव्ह-स्टार निघाला आणि काउंटी देशात सर्वात गडद! याच्या उलट फ्लोरिडातली पाम बीच काउंटी. किनाऱ्यावरच्या श्रीमंत वस्तीसकट तिथे पंधरा लाख लोक, त्यात लेक ओकीचोबीकाठची पहोकी आणि बेल ग्लेड पार बुडून जातात. उसाच्या फडांतली ही चिमुकली गावं. व्यावसायिक फुटबॉल गाजवलेला अँक्वान बोल्डिन पहोकीचा, तसेच फ्रेड टेलर आणि सँटोनिओ होम्स बेल ग्लेडचे. ती दिसत नसतील तर नकाशा काढून काय उपयोग?

तेव्हा काउंट्या बाद, षटकोनी जाळी घ्यायची. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फुकटात होते. पैसे भरून नकाशे काढून देणाऱ्या साइट्सचा मोह मला आता उरलेला नाही. आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय: गाव आणि शाळा दोन्ही हाताशी आहेत, मग एकच ठिपका कशाला? गाव ते शाळा, शाळा ते कॉलेज असे बाण काढले तर नियमाचा वादच मिटतो. ब्रॅडेंटनकडे येणारे बाण आणि तिथून फुटणारे बाण! जाळी मग नंतर.

पण आधी एक चाचणी फक्त ऑफेन्सिव्ह लाइनवाल्यांची (क्वार्टरबॅकला समोरच्यांपासून वाचवणाऱ्या धिप्पाड खेळाडूंची). विस्कॉन्सिन-आयोवाचं नाव त्या जागेसाठी मोठं आहे, बाण कमी आणि बहुतेक आखूड असतील, तेव्हा कोडची परीक्षा तिथेच घेतो. सामोअन नावांच्या स्पेलिंगची कोणाकडे साफ केलेली यादी असेल तर पाठवा, बदल्यात माझी रोस्टरची फाइल घेऊन जा.